पंचशील, पाइपलाइन आणि वतन : म्यानमारकडे आंबेडकरी नजरेने



आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर म्यानमार दोनच प्रकारे येतो. एक, श्वेडगॉन पॅगोड्याचा सोनेरी फोटो. दुसरा, "बौद्ध देशाने रोहिंग्यांना कसा धडा शिकवला बघा" असा फॉरवर्ड. पहिल्याला आपण हात जोडतो. दुसऱ्याला आपल्यातलेच काही तरुण लाइक ठोकतात, आणि बाकीचे गप्प बसतात. पण तिसराही एक म्यानमार आहे, ज्याची आपल्याकडे चर्चाच होत नाही. शेजारच्या बलाढ्य देशाच्या हातात ज्याची नाडी गेली आहे, आणि ती नाडी ज्याच्या स्वतःच्याच सेनापतींनी त्या हातात दिली आहे, असा तो म्यानमार.

या तिसऱ्या म्यानमारविषयी मला बोलायचे आहे. कारण मोठा शेजारी लहान देशाला कसा ताब्यात ठेवतो, हे समजायला नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या माणसाला परराष्ट्र धोरणाची पदवी लागत नाही. आपण ते पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. फक्त तिथे त्याला 'सहकार्य' म्हणतात, इथे 'गावगाडा' म्हणायचे.

आधी आपला हिशोब : मुंबईची कंपनी आणि रत्नागिरीचा कैदी

आज म्यानमारचा बलाढ्य शेजारी म्हटले की चीन आठवतो. पण एके काळी हा बलाढ्य शेजारी भारत होता. म्हणजे भारतावर बसलेली ब्रिटिश सत्ता. आणि तिच्या हातात काठी होती ती मुंबईच्या एका कंपनीची.

१८६३ साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली. धंदा सागवानाचा. ब्रह्मदेशाच्या राजाकडून जंगलाचे ठेके घ्यायचे, ओंडके नदीत सोडायचे आणि बाहेर विकायचे. १८८५ मध्ये राजा थिबाच्या दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की तोडलेला माल कमी दाखवून तुम्ही राजाचा महसूल बुडवला. लाखो रुपयांचा दंड बसला. आपल्या देशातल्या जंगलाचा हिशोब मागणे हा कोणत्याही सरकारचा हक्क. पण त्या वेळी फ्रेंचांशी थिबाची बोलणी चालू होती आणि ब्रिटिशांना निमित्त हवेच होते. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला. त्यातल्या मागण्या नीट बघा. कंपनीवरची कारवाई थांबवा, मंडालेत आमचा वकील ठेवा, परराष्ट्र व्यवहार आमच्या सल्ल्याने चालवा, आणि चीनशी व्यापार करायला आम्हाला वाट द्या.

नोव्हेंबरमध्ये फौजा निघाल्या. दोन आठवड्यांत मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले. थिबाला आधी मद्रासला आणि मग त्याच वर्षी रत्नागिरीला आणले. पुढची तीस वर्षे तो तिथेच नजरकैदेत राहिला. त्याच्यासाठी बांधलेला 'थिबा पॅलेस' १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये त्याच गावात तो वारला. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला शाळेत शिकवतात. मंडालेचा राजा आपल्या रत्नागिरीत कैदी म्हणून मेला, हे मात्र सहलीला गेल्यावरच कळते.

याच १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ब्रह्मदेश खालसा करण्याविरुद्ध तिथे ठराव झाला. पण त्याच ठरावाचा पुढचा भाग असा की खालसा करायचाच असेल तर तो भारताच्या कारभारापासून वेगळा ठेवा. म्हणजे चिंता बरीचशी भारताच्या तिजोरीवर पडणाऱ्या बोजाची. शेजाऱ्याच्या स्वातंत्र्याची किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. प्रत्यक्षात १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणून राहिला.

फौजेमागून सावकार गेले. चेट्टियार पेढ्यांनी भातशेतीवर कर्जे दिली. १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली, आणि खालच्या ब्रह्मदेशातल्या प्रमुख भात-जिल्ह्यांमधली जवळपास पाव जमीन सावकारांच्या नावावर गेली. शेतकऱ्याचा राग पेढीवर निघाला नाही, तो निघाला गोदीत हमाली करणाऱ्या तेलुगू मजुरांवर आणि गरीब भारतीय मुसलमानांवर. १९३० आणि १९३८ च्या दंगली त्यातूनच झाल्या. पुढे रोहिंग्यांना 'बाहेरचे' ठरवणाऱ्या द्वेषाचे एक मूळ इथे आहे. जमीन सावकाराने नेली, मार हमालाने खाल्ला. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे. चीनवर टीका करताना आपल्याला भारतमातेचा झेंडा खांद्यावर घेऊन उभे राहायचे नाही. बलाढ्य शेजारी कोणीही असो, त्याची पद्धत तपासायची आहे.

बाबासाहेबांनी १९५४ मध्ये काय पाहिले?

१९५४ या एकाच वर्षात बाबासाहेब दोनदा रंगूनला गेले. मे महिन्यात वैशाख पौर्णिमेच्या वेळी, जेव्हा तिथे सहावी धम्मसंगीती सुरू होत होती, आणि डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनाला. या दोन दौऱ्यांच्या मध्ये, २६ ऑगस्ट १९५४ ला, त्यांनी राज्यसभेत आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर भाषण केले. आपल्या पोरांनी हे भाषण वाचलेच पाहिजे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी पंधराव्या खंडात ते आहे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये भारत आणि चीनने तिबेटसंबंधी करार केला आणि त्यात 'पंचशील'ची पाच तत्त्वे घातली. जून अखेर चौ एन-लाय दिल्लीहून रंगूनला गेले आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांच्यासोबतही तीच पाच तत्त्वे जाहीर झाली. एकमेकांच्या सीमांचा आदर, आक्रमण नाही, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही, समानता, शांततामय सहजीवन. सगळीकडे टाळ्या वाजत होत्या. 'आशिया आशियाई लोकांसाठी' ही घोषणा जोरात होती.

बाबासाहेब एकटे पडून विचारत होते की या शब्दांमागे काय आहे? पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा शब्द. चीनच्या नेत्यांचा त्यावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असा त्यांचा रोख होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सीमा स्वतःच्या दाराशी आणली, हेही त्यांनी बजावले. आठ वर्षांनी १९६२ उजाडले.

त्याच भाषणात आग्नेय आशियासाठी होऊ घातलेल्या सिएटो करारालाही केवळ अमेरिकेच्या रागापोटी झिडकारू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मुद्द्यावर आज आपल्यात मतभेद असू शकतात. व्हिएतनामचे युद्ध आपण पाहिले आहे. पण त्यांच्या विचाराचा गाभा आजही तसाच टणक आहे. बलाढ्याच्या गोड शब्दांवर दुर्बलाची सुरक्षितता उभी राहत नाही, ती संस्थांवर, हक्कांवर आणि मित्रांवर उभी राहते. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनातही त्यांनी हेच मांडले होते. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपण ठेवलेला नाही.

वतन म्हणजे काय, हे हरेगावने सांगितले आहे

१९३९ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात, हरेगावला, बाबासाहेबांनी वतनदार महार-मांगांची परिषद घेतली. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले होते. मुद्दा काय होता? महाराला गावाने आणि सरकारने जमिनीचा तुकडा दिला, बलुते दिले. त्या बदल्यात तो चोवीस तास हुकमाचा ताबेदार. सांगावा न्या, मेलेले ढोर ओढा, सरकारी सामान वाहा. जमीन इतकी की पोट भरत नाही, आणि नावाला इतकी की सोडवत नाही. बाबासाहेब सांगत होते की हा तुकडाच तुमच्या पायातली बेडी आहे. आपल्यातल्याच काहींना ते पटत नव्हते, कारण वतनाचा मान होता. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली.

आता म्यानमारकडे बघा.

राखाईन प्रांताच्या किनाऱ्यावर क्याउकफ्यू नावाचे बंदर आहे. तिथून चीनच्या युनान प्रांतात दोन पाइपलाइन जातात. गॅसची २०१३ मध्ये सुरू झाली, तेलाची २०१७ मध्ये. आखाती तेल मलाक्काच्या सामुद्रधुनीला वळसा न घालता थेट चीनमध्ये पोहोचते. १८८५ मध्ये ब्रिटिशांना मंडालेवरून चीनकडे वाट हवी होती, आज चीनला त्याच देशातून हिंदी महासागराकडे वाट हवी आहे. मालक बदलला, वाट तीच. ज्यांच्या शेतातून ती जाते त्यांना दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

उत्तरेला काचीन प्रांतात इरावती नदीच्या उगमसंगमावर म्यित्सोन धरणाचा घाट घातला होता. सुमारे ६,००० मेगावॉटचा प्रकल्प, आणि वीज बहुतांश चीनला जाणार. काचीन लोकांसाठी तो संगम पवित्र, आणि विस्थापित तेच होणार. त्याच काचीनच्या डोंगरात दुर्मिळ खनिजे काढली जातात. ती चीनच्या कारखान्यांत जातात आणि नद्या मात्र तिथल्या नासतात. मध्य म्यानमारमध्ये लेत्पदाउंगची तांब्याची खाण आहे, चिनी कंपनी आणि लष्कराची कंपनी यांची भागीदारी. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथे जमीन वाचवायला बसलेल्या शेतकऱ्यांवर आणि भिक्खूंवर पोलिसांनी फॉस्फरसचे गोळे टाकले. भिक्खूंची कातडी जळाली.

'बौद्ध राष्ट्रा'च्या सरकारने, परदेशी कंपनीच्या खाणीसाठी, चीवर घातलेल्या माणसांना जाळले. म्यानमारच्या सेनेला धम्मरक्षक म्हणणाऱ्याने आधी याचे उत्तर द्यावे.

हे प्रकल्प म्हणजे वतन आहे. सेनापती हे वतनदार. मान त्यांना, वाटा त्यांना, आणि वेठ मात्र देशाच्या माथी.

दोन्ही भावांना कर्ज देणारा

बांधाच्या भांडणात दोन्ही भावांना कर्ज देणारा माणूस आपल्याकडे गावोगाव सापडतो. भांडण मिटावे असे त्याला वाटत नाही आणि खून पडावा असेही वाटत नाही. भांडण चालू राहावे आणि दोघांनी त्याच्याच ओट्यावर यावे, एवढेच त्याला हवे असते. म्यानमारमध्ये चीनचे धोरण याच जातीचे आहे.

१९६७ मध्ये रंगूनमध्ये चिनीविरोधी दंगल झाली. त्यानंतर चीनने बर्मी कम्युनिस्ट पक्षाच्या सशस्त्र बंडाला उघड बळ दिले. 'अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही' या तत्त्वाला तेव्हा तेराच वर्षे झाली होती. १९८९ मध्ये तो पक्ष फुटला. त्यातून सीमेवर वा आणि कोकांग यांच्या सशस्त्र संघटना उभ्या राहिल्या. त्यांचे चीनशी संबंध राहिलेच. दुसऱ्या बाजूला, १९८८ चा लोकशाही उठाव चिरडणाऱ्या आणि १९९० च्या निवडणुकीचा निकाल गुंडाळून ठेवणाऱ्या लष्करी राजवटीवर पाश्चात्त्यांनी निर्बंध घातले, तेव्हा तिला शस्त्रे आणि आधार देणारा चीनच.

हा खेळ अलीकडे किती उघड झाला ते बघा. १ फेब्रुवारी २०२१ ला सेनापती मिन आंग ह्लाइंग यांनी निवडून आलेले सरकार उलथवले. २७ ऑक्टोबर २०२३ ला तीन सशस्त्र संघटनांनी मिळून उत्तर शान प्रांतात लष्करावर मोठा हल्ला केला. सीमेवर ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे माजले होते, त्यांत चिनी नागरिक लुटले जात होते, आणि लष्कर ते बंद करत नव्हते. चीनने या हल्ल्याकडे काणाडोळा केला. अड्डे उठले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये चीनच्याच मध्यस्थीने युद्धबंदी झाली. पण ती मोडली आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत लाशियो हे लष्कराच्या ईशान्य विभागाचे मुख्य ठाणेच पडले. लष्कर कोसळेल असे दिसू लागताच चीनने सीमेवरची नाकी बंद केली आणि बंडखोरांचा पुरवठा आवळला. नोव्हेंबरात मिन आंग ह्लाइंग यांना उठावानंतर प्रथमच चीनला बोलावले. एप्रिल २०२५ मध्ये लढून घेतलेले लाशियो चिनी प्रतिनिधींच्या देखरेखीखाली लष्कराला परत दिले गेले.

शहर कोणाचे, हे तिथल्या जनतेने ठरवले नाही, आणि रणांगणानेही ठरवले नाही. ते कुनमिंगने ठरवले. राजकीय प्रभाव म्हणतात तो हाच. एकही चिनी रणगाडा सीमा ओलांडून आला नाही.

साक्षीदार का उलटतात?

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली, की वर्चस्व काठीने कमी आणि अवलंबित्वाने जास्त चालते. इटलीच्या ग्राम्शीने ते मांडले. आपल्याला ते खर्ड्याने शिकवले.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २०१४ मध्ये आपल्या एका शाळकरी पोराचा खून झाला. अख्ख्या महाराष्ट्राने मोर्चे काढले. खटला उभा राहिला आणि साक्षीदार एकामागून एक उलटले. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार का उलटतात, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्याची रोजची मजुरी गावात, पोराची शाळा गावात, ज्याच्या बायकोला ऊसतोडीची उचल मुकादमाकडून, ज्याचे सोसायटीचे कर्ज थकलेले, त्याला धमकी द्यावी लागत नाही. त्याला स्वतःच सगळे माहीत असते.

लहान देशही असेच उलटतात. संयुक्त राष्ट्रांत मतदानाला कोण गैरहजर राहतो, कोण तोंड फिरवतो, ते नीट बघितले की कोणाची उचल कोणाकडे आहे ते कळते. २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने रोहिंग्यांच्या वस्त्या जाळल्या आणि सात लाखांहून जास्त माणसे बांगलादेशात पळाली. त्या वेळी सुरक्षा परिषदेत म्यानमारवरची कडक कारवाई अडवणारा चीन होता. सेनापतींनी त्या उपकाराची किंमत दिली. देशाच्या पैशाने.

धर्म राज्याचा झाला की काय होते

आता आपल्याला टोचणारा भाग. म्यानमार इतका पांगळा का झाला? चीन मोठा आहे म्हणून? मोठा शेजारी व्हिएतनामलाही आहे, पण त्याने १९७९ मध्ये चीनशी युद्ध करूनही स्वतःचा ताठा टिकवला आणि अमेरिकेलाही त्याआधी घालवले. म्यानमारचा घात घरातून झाला.

फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँग येथे आंग सान यांनी शान, काचीन आणि चिन नेत्यांशी करार केला. सीमावर्ती प्रदेशांना स्वायत्तता देऊ, असे वचन होते. जुलैमध्ये आंग सान यांचा खून झाला आणि वचन हवेत राहिले. १९६१ मध्ये ऊ नू यांनी बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म केला. काचीन बहुसंख्येने ख्रिस्ती. त्याच वर्षी काचीन स्वातंत्र्य सेना उभी राहिली. १९६२ मध्ये ने विन यांनी सत्ता घेतली, ती लष्कराने आजतागायत खऱ्या अर्थाने सोडलेली नाही. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना त्यांच्याच जन्मभूमीत परके केले.

ज्या देशाने आपल्याच निम्म्या भूभागातल्या माणसांना दुय्यम ठरवले, त्याला स्वतःच्या जनतेविरुद्ध सैन्य ठेवावे लागते. त्या सैन्याला शस्त्रे लागतात. जग शस्त्रे देत नसेल तर शेजारी देतो. मग शेजारी सांगेल ते ऐकावे लागते. ही साखळी सरळ आहे. घरातली उतरंड हीच परक्याच्या सत्तेची शिडी असते. पेशवाईने आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला, त्या पेशवाईला १८१८ मध्ये वाचवायला कोण धावले, हे भीमा-कोरेगावला जाणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको. १८८५ मध्ये थिबाच्या बाबतीतही असेच होते. गादीसाठी भाऊबंदांची कत्तल करवणाऱ्या दरबाराला वाचवायला देश लगेच उठला नाही.

बाबासाहेबांनी धम्म दिला तो राज्याच्या तिजोरीला बांधून नाही. संविधान लिहिणाऱ्या माणसाने राज्याला धर्म दिला नाही, आणि स्वतः धम्म घेतल्यावरही तशी मागणी केली नाही. आपल्यासाठी हा धडा फार जवळचा आहे. आज इथे 'हिंदू राष्ट्रा'च्या विरोधात बोलायचे आणि तिथे 'बौद्ध राष्ट्रा'च्या बंदुकीला लाइक ठोकायचा, हे एका माणसाच्या तोंडी शोभत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे अराकानचे. म्हणजे आजच्या राखाईनचे. आपली दीक्षा ज्या मातीतल्या भिक्खूच्या मुखातून आली, त्याच मातीत रोहिंग्यांची गावे जळली. पाणातिपाता वेरमणी हे पहिले शील आपण रोज म्हणतो. त्यात 'रोहिंग्या सोडून' असे कुठे नाही.

लहान देशाची खरी फौज

मग लहान देशाने करायचे काय? म्यानमारच्याच इतिहासात उत्तर आहे.

३० सप्टेंबर २०११ ला म्यित्सोन धरणाचे काम स्थगित झाले. चीनशी लढून नाही. लेखक, कलावंत, भिक्खू, काचीन गावकरी यांनी आवाज उठवला, नुकतीच जरा सैल झालेली वृत्तपत्रे बोलू लागली आणि राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांना संसदेला कळवावे लागले की लोकेच्छेविरुद्ध हे धरण होणार नाही. दुसरे उदाहरण क्याउकफ्यू बंदराचे. लष्करी सावलीत ठरलेला हा सौदा सुमारे ७.३ अब्ज डॉलरचा होता. निवडून आलेल्या सरकारने २०१८ मध्ये घासाघीस करून पहिला टप्पा १.३ अब्जांवर आणला आणि चिनी कंपनीचा हिस्सा ८५ वरून ७० टक्के केला. आंग सान सू ची यांचे दोष मोठे आहेत. हेगच्या न्यायालयात जाऊन त्यांनी रोहिंग्यांविरुद्धच्या लष्कराची बाजू मांडली, ते विसरता येणार नाही. लेत्पदाउंगच्या खाणीलाही त्यांच्याच समितीने पुढे चालू ठेवायला सांगितले. तरीही, मतदारांना तोंड दाखवावे लागणारे सरकार शेजाऱ्याशी भाव करू शकते. बंदुकीवर बसलेले सरकार भाव करत नाही, सही करते.

लोकशाही ही चैन नाही. लहान देशाची तीच फौज आहे. दुर्बल माणसाला संविधान जे देते, तेच दुर्बल देशाला लोकशाही देते, 'नाही' म्हणण्याची ताकद.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप, "चीनविरोध ही संघवाल्यांची भाषा आहे." मग भारताचे बोला. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने मे २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार उठावानंतर म्यानमारच्या लष्कराकडे गेलेल्या सुमारे एक अब्ज डॉलरच्या शस्त्रसामग्रीत रशियाचा वाटा सर्वांत मोठा, त्यामागून चीन, आणि भारतातूनही सुमारे ५ कोटी डॉलरचा माल गेला. सितवे बंदर आणि कलादान प्रकल्प टिकावा म्हणून दिल्लीही सेनापतींशी गोडच बोलते. आपला प्रश्न दोघांनाही आहे.

दुसरा, "अमेरिका काय कमी आहे?" कमी नाही. पण गावात दोन पाटील असले म्हणून एकाची वेठ गोड होत नाही.

तिसरा सगळ्यांत जास्त ऐकू येतो, "आपल्या वस्तीत पाणी नाही, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, म्यानमारचे काय घेऊन बसलात?" वस्तीतले पाणी आणि केसेस हे माझे रोजचे काम आहे, म्हणून हा प्रश्न मला हलका वाटत नाही. पण बाबासाहेब महाडच्या तळ्यावरही गेले आणि गोलमेज परिषदेलाही गेले. जगाकडे पाठ फिरवलेला समाज जगाकडून पाठिंबा मागू शकत नाही. उद्या आपण जातीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत न्यायला निघालो तर सरकार म्हणेल, हा अंतर्गत मामला आहे. म्यानमारचे सेनापती आणि चीन रोहिंग्यांबद्दल हेच म्हणतात. ते त्यांच्यासाठी मान्य केले, तर स्वतःसाठी कोणत्या तोंडाने नाकारणार?

मग करायचे काय

रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास बसा आणि बाबासाहेबांचे २६ ऑगस्ट १९५४ चे भाषण वाचा. इंग्रजी अडले तर कॉलेजातल्या पोरा-पोरींनी अर्थ सांगावा. पुढच्या रविवारी म्यानमारचा नकाशा काढा आणि क्याउकफ्यूपासून कुनमिंगपर्यंत रेघ ओढा.

रोहिंग्यांविरुद्धचा फॉरवर्ड ग्रुपवर आला की गप्प बसू नका. भांडू नका, पण फॉस्फरसने भाजलेल्या भिक्खूंची गोष्ट तिथे लिहा आणि विचारा की हे लष्कर कोणाचे रक्षण करते?

आणि निर्वासितांच्या प्रश्नावर आपली संघटना काय म्हणते ते ठरवा. मिझोराममध्ये हजारो चिन निर्वासितांना स्थानिक लोकांनी घासातला घास दिला. संविधानाचे कलम १४ आणि कलम २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. हा शब्द तिथे उगाच नाही. तो शब्द सांभाळणे हे आपले काम आहे.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवस बसून येणारे आपले शेकडो लोक आहेत. ती साधना ब्रह्मदेशातून, मंडालेत जन्मलेल्या गोएंका गुरुजींच्या हातून आपल्याकडे आली. तिथल्या लोकांचे आपल्यावर ऋण आहे. ते ऋण पॅगोड्याच्या फोटोला हात जोडून फिटणार नाही. २०२१ पासून तुरुंगात असलेल्या, जंगलात गेलेल्या, संप करून नोकरी गमावलेल्या तिथल्या तरुणांच्या बाजूने एक शब्द बोलून ते थोडे तरी फिटेल.

वतन सोडायला आपल्याला बाबासाहेब लागले. म्यानमारची जनता ते वतन रक्त सांडून सोडवू पाहते आहे. निदान आपण तरी वतनदाराच्या बाजूने उभे राहू नये.

जयभीम! नमो बुद्धाय! जय संविधान!